गोड करून सांगितलेलं

“तिला सांग,” दादा म्हणाला, “कारखान्यात कामगारकपात न करण्याची अट मी मंत्र्यांच्या कानावर घालीन. नुसती घालीन. मान्य करून घेईन असं मी म्हणालेलो नाही. आणि हेही सांग, पाठिंबा द्यायचाच असेल तर त्यांच्या पक्षाने आधी उभं राहून तसं म्हणावं. आम्ही काही त्यांच्या दारात वाडगा घेऊन येणार नाही.”

आई त्याच्या खुर्चीशी उभी राहून ऐकत होती. ‘ती’ म्हणजे छोटी, दादाची सख्खी बहीण, आणि ती होती मागे स्वयंपाकघरात. दोघांच्या मध्ये फक्त एक अरुंद बोळ. सभागृहात भल्याभल्यांना खाली बसवणारा हा माणूस आईच्या घरात कुजबुजत बोलायचा, कारण आपला आवाज बहिणीच्या कानावर गेला तर ते तिच्याशी बोलल्यासारखं झालं असतं. तेवढी सवलत तिला द्यायची त्याची तयारी नव्हती.

“नीट सांगशील ना?”

“आजवर कधी सांगितलं नाही?” आई म्हणाली आणि बोळात शिरली.

या घरात माणसं भांडत नाहीत, बोलायची थांबतात. ही देणगी आजोबांपासूनची. काचकारखान्यातल्या संपावरून आजोबा आणि वडील यांच्यात अबोला पडला तेव्हा आई या घरात नवी नवरी होती. सासऱ्यांचा पहिला निरोप तिने नवऱ्याला शब्द न् शब्द सांगितला, आणि नवरा बॅग उचलून चालता झाला. त्याला समजावून परत आणता आणता तिच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. निरोपातलं टोचणारं तेवढं ती वाटेतच काढून टाकायची, आणि उरलेलं फारच कोरडं वाटलं तर पदरचे दोन शब्द घालायची. ऐकणाऱ्याला वाटायचं समोरचा नरमलाय, मग तोही नरमायचा. सासरे-नवरा, नणंद-जावा, पुढे तिन्ही मुलं, सगळा संसार तिने असाच ओढून नेला. ही लबाडी नव्हती असं मी म्हणणार नाही. पण घर मोडलं नाही, आणि मोडलं नाही म्हणून कुणी जाबही विचारला नाही.

छोटी ओट्याला टेकून ताटं पुसत होती. वडील गेले त्या तारखेला दरवर्षी सगळ्यांनी आईकडे जेवायचं, हा नेम अजून टिकला होता. फक्त आता दादा पुढच्या खोलीत जेवायचा आणि छोटी स्वयंपाकघरात. दादा सत्ताधारी पक्षाचा, छोटी विरोधी पक्षाची. गेल्या निवडणुकीत दादाने भर सभेत तिला ‘भाड्याची जीभ’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या सभेत सांगितलं, की माझे वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा माझा भाऊ भेटायला आला तो फोटोवाल्याला बरोबर घेऊन. दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या असंही नाही. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं.

“काय म्हणाले आमदारसाहेब?” छोटीने विचारलं.

“म्हणाला, कपात होऊ देणार नाही.”

छोटीच्या हातातलं फडकं थांबलं. “असं म्हणाला? मंत्र्यांनी मान्य केलंय?”

“मंत्र्यांशी बोलतोच आहे तो. तू त्याची काळजी करू नको. फक्त म्हणाला, तुम्हीही जरा पुढे या.”

छोटी फडक्याची घडी घालत राहिली. आईने तिला घडी मोडून पुन्हा घालताना पाहिलं आणि तिच्या जिवात जीव आला. पोरगी विचार करतेय म्हणजे निम्मं काम झालं.

छोटीच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. तोच काचकारखाना वाचवायच्या सरकारी पॅकेजवरच्या वाटाघाटी एकदा नाही, तीनदा फिसकटल्या होत्या. दर वेळी दोन्ही बाजू एकाच दारातून बाहेर पडायच्या आणि दोन वेगळ्या कॅमेऱ्यांसमोर एकच वाक्य बोलायच्या, की आमची तयारी होती, त्यांनीच घोळ घातला. सरकारचं बहुमत काठावरचं. जनतेचा पैसा बुडत्या कारखान्यात ओतला हे खापर त्यांना एकट्याच्या डोक्यावर नको होतं, म्हणून विरोधकांनी आधी हात वर करायला हवा होता. आणि कामगार कमी करणार नाही अशी हमी मिळाल्याशिवाय हात वर केला तर छोटीच्या पक्षाला कामगार वस्तीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तू आधी, नाही तू आधी. यातच शुक्रवारचं मतदान येऊन ठेपलं होतं. फोनवर बोलायची सोय नव्हती, कारण मागच्या खेपेला फोनवर बोललेलं दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ऐकू आलं होतं. म्हणूनच तिचे नेते तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, बघा, घरातून काही जमतंय का. दादाच्या नेत्यांनीही त्याला हेच सांगितलं असणार, हे ओळखण्याइतकी ती या धंद्यात मुरली होती.

राजकारणात दादा कितीही फिरला तरी आईच्या तोंडून खोटं पाठवणार नाही, असं तिला वाटलं. यात ती चुकली नाही, हेच वाईट.

“त्याला सांग,” ती म्हणाली, “अट ठरावात आली तरच आमची मतं. आली नाही तर आमचा एकही माणूस हात वर करणार नाही. मी माझ्या लोकांना विचारते, पण त्याने मला गृहीत धरू नये. आणि हेही सांग, कारखाना बुडाला तर ते पाप त्यांच्याच माथी मारल्याशिवाय मी राहणार नाही.”

“सांगते.”

“सगळं सांग हं, आई. शेवटचंसुद्धा.”

“हो गं बाई.”

बोळाच्या मधोमध, जिथे वडिलांची काठी अजून खिळ्याला टांगलेली होती, तिथे आई क्षणभर थांबली. मग पुढच्या खोलीत जाऊन म्हणाली, “ती म्हणते, तुम्ही पॅकेज मांडा. आम्ही सोबत आहोत.”

दादा खुर्चीत पुढे सरकला. “नक्की?”

“तिच्या लोकांशी बोलतेय ती. आतून तिलाही कारखाना जगायला हवाय रे. तिच्या बापाने आयुष्य घातलंय तिथे. एवढं ओळखत नाहीस तू तिला?”

दादाने डोळे मिटले. त्याच्या मतदारसंघात कारखान्यावर न जगणारं घर शोधून सापडलं नसतं. चार महिने तो नीट झोपला नव्हता. “शहाणी झाली म्हणायची,” तो म्हणाला, आणि हे वाक्य मात्र आईने शब्द न् शब्द आत पोचवलं.

*

मधला भाऊ जेवायला उशिरा आला, तोही कामावरच्या जाड बुटांनिशी. त्याला घरात सगळे भाऊच म्हणायचे, आई आणि बायकोसुद्धा. कारखान्याची भट्टी त्याच्या ताब्यात होती. त्याच्या बायकोची नोकरीही तिथेच, तपासणी खोलीत. औषधाच्या बाटल्या दिव्यासमोर धरून बुडबुडा आहे का, चरा आहे का, हे बघायचं तिचं काम. नवऱ्याच्या आधी येऊन ती आईच्या हाताखाली राबली होती, आणि बोळातली ये-जा तिने डोळे उघडे ठेवून पाहिली होती.

भाऊ ताटावर बसला नाही. आईला घेऊन मागच्या पायरीवर गेला. बायको दारात उभी राहिली.

“आई, मला एक खरं सांग,” तो म्हणाला. “दोघं काय ठरवतायत?”

“का रे?”

“शुक्रवारी पॅकेज झालं नाही तर गॅस कंपनी संध्याकाळी गॅस तोडणार आहे. भट्टीत काच भरलेली आहे, पातळ, तापलेली. गॅस गेला की ती आतच थिजणार. विटा फुटणार. मग भट्टी मेली, पुन्हा पेटत नाही. तेच आधी काच काढून भट्टी हळूहळू थंड केली, तर ती नुसती झोपते. वर्षाने, दोन वर्षांनी कुणी आलं तर पुन्हा पेटवता येते.”

“मग काढा ना काच.”

“काढायला दोन-तीन दिवस लागतात. बाहेरची माणसं लागतात, त्यांना बोलावलंय, उद्या सकाळी येतायत. पण काच काढली की सरकार म्हणायला मोकळं, कारखान्याने स्वतःच दुकान बंद केलं, आता कशाला पॅकेज? मालक म्हणतात, तू ठरव, भट्टी तुझी. उद्या खापर फोडायला कुणीतरी लागेल ना. म्हणून विचारतोय. होणार असेल तर मी त्या माणसांना परत पाठवतो. होणार नसेल तर रिकामी करतो. मला फक्त होणार की नाही एवढं सांग.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. तिन्ही मुलांत हा एकटा असा, की ज्याने तिच्याकरवी कधी कुणाला निरोप धाडला नव्हता. त्याला जे म्हणायचं ते तो तोंडावर म्हणायचा, आणि म्हणून त्याचं कुणाशी वाकडंही नव्हतं. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“झालंय,” ती म्हणाली. “दोघं एक झालेत. त्याने हिची अट मानली, हिने पाठिंबा दिला. तू जेवून घे आधी.”

“दोघांनी शब्द दिला?”

“दिला.”

भाऊचे खांदे खाली आले. तो पायरीवरच बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.

घरी जाताना बायको म्हणाली, “त्या माणसांना येऊ द्या उद्या.”

“का?”

“आईंनी आजवर कुणाचा निरोप जसाच्या तसा दिलाय? आपलं लग्न ठरताना माझ्या बाबांनी काय सांगितलं होतं आणि तुमच्या घरी काय पोचलं होतं, आठवतंय? माझे बाबा म्हणाले होते, मुलीला नोकरी सोडायला लावलीत तर लग्न मोडलं समजा. तुमच्याकडे पोचलं, मुलीला कामाची फार आवड आहे.”

भाऊला हसू आलं. किती दिवसांनी. “मग? लग्न झालंच ना?”

“लग्न वेगळं.”

“अगं, ती भट्टी बाबांनी पेटवलेली आहे. तिच्याबाबत आई मला असं सांगणार नाही.”

“त्या खोटं सांगतात असं मी म्हणत नाही. त्यांना तसं व्हायला हवं असतं, म्हणून त्या तसं सांगतात.”

“मी दादाला विचारू? तो म्हणेल, पक्षाचं गुपित आहे. छोटीला विचारू? ती म्हणेल, दादाला विचार. त्यापेक्षा आईच बरी.”

बायकोने विषय सोडला. तिला आपलं बरोबर आहे हे माहीत होतं, पण नवरा किती दिवसांनी हसला होता. दुसऱ्या दिवशी भाऊने त्या माणसांना फाटकावरूनच परत पाठवलं, आणि ती दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर निघून गेली.

*

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं होतं. गॅलरीत कारखान्याची माणसं कामाच्या कपड्यांत येऊन बसली होती. दादा अर्थमंत्र्यांच्या मागच्या बाकावर. सकाळी त्यानेच मंत्र्यांना सांगितलं होतं, “ते सोबत आहेत. अट-बीट काही ठरावात घालायची गरज नाही, आपण भाषणात दोन गोड वाक्यं टाकू, भागेल.” मंत्र्यांनी विचारलं होतं, “कुणाकडून कळलं?” दादा म्हणाला होता, “घरातून.” आणि मंत्री समाधानाने हसले होते, कारण त्यांचंही राजकारण घरातूनच चालायचं.

ठराव मांडला गेला. मजकुरात अट दिसली नाही, तेव्हा दादाचा शब्द सगळ्यांसमोर नोंदवून घ्यावा म्हणून विरोधी बाकांवरून छोटी उभी राहिली. दादाने तिला कितीतरी दिवसांनी इतकं सरळ पाहिलं. तिने वडिलांचा चष्मा लावला होता, काचा बदलून. हे त्याला ठाऊक नव्हतं.

“अध्यक्ष महोदय,” ती म्हणाली, “एकाही कामगाराला घरी पाठवणार नाही ही आमची अट सरकारने मान्य केली, याबद्दल मी आभार मानते, आणि त्या अटीवर आम्ही पाठिंबा जाहीर करतो.”

गॅलरीत टाळ्या पडल्या. अर्थमंत्र्यांनी मान वळवून दादाकडे पाहिलं. त्यांच्या मागे त्यांच्याच पक्षातले कारखान्यावर पैसा उधळायला विरोध करणारे दहा-बाराजण बसले होते, आणि ते आताच उठायच्या बेतात होते. मंत्र्यांपुढे दुसरा रस्ता नव्हता.

“अशी कुठलीही अट सरकारने मान्य केलेली नाही,” ते म्हणाले. “सन्माननीय सदस्यांनी हे कुठून आणलं मला माहीत नाही.”

छोटीने मंत्र्यांकडे पाहिलं नाही. तिने दादाकडे पाहिलं. दादाला तिची ती नजर लहानपणापासून माहीत होती. त्याने तिला झाडावर चढवून खालून शिडी काढून घेतली होती, तेव्हाची. पण आज शिडी त्याने काढलेली नव्हती. आणि त्याच क्षणी त्याला वाटलं, हिने हे ठरवून केलं. पाठिंबा देते असं घरातून कळवायचं, आणि इथे कॅमेऱ्यासमोर नसलेली अट काढून सरकारला खोटं पाडायचं. भाड्याची जीभ म्हणालो ते कमीच म्हणालो.

“म्हणजे सरकारने फसवलं,” छोटी म्हणाली. तिचा आवाज फाटला. “आम्हाला नाही, वर बसलेल्या या माणसांना.”

“फसवलं तुम्ही,” दादा जागेवरून उठला. “शब्द देऊन फिरवला.”

“शब्द कुणी दिला होता?”

“तुम्हीच.”

एवढंच ते एकमेकांशी बोलले, कितीतरी दिवसांनी, आणि तेही अध्यक्षांच्या परवानगीशिवाय. पुढचा गोंधळ सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. विरोधकांनी सभात्याग केला. सरकारचे बंडखोर त्यांच्या मागोमाग. एकट्याने खापर घ्यायला नको म्हणून मंत्र्यांनी ठराव मागे घेतला, आणि पॅकेज पडलं. गॅलरीतली माणसं काही वेळ तशीच बसून राहिली, कारण नेमकं काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं.

बाहेर दोन कॅमेऱ्यांसमोर दोन माणसं उभी राहिली, दादा आणि छोटी. आमची तयारी होती, त्यांनी घोळ घातला. या वेळी दोघंही मनापासून बोलत होती. दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं.

*

भट्टीचा आवाज बाहेरच्या माणसाला ऐकू येतो, आतल्याला येत नाही. भाऊ त्या आवाजातच लहानाचा मोठा झाला होता. वस्तीतल्या घरांच्या भांड्यांना त्याची बारीक थरथर असायची, आणि पाहुणे विचारायचे, हे काय वाजतंय, तर घरातले म्हणायचे, कुठे काय.

त्या संध्याकाळी उजेड असतानाच तो आवाज थांबला.

भाऊने दुपारपासून गॅस कंपनीला फोन केले, मालकाला केले, परत पाठवलेल्या माणसांना केले. ती माणसं म्हणाली, येतो, पण सोमवारी. त्याने आपल्याच माणसांना घेऊन भट्टीच्या तळाचं तोंड फोडायचा प्रयत्न करून पाहिला. थोडी काच आली, नारिंगी, मग लाल, मग दोरीसारखी लांबली आणि तिथेच थांबली. पुढे काही आलं नाही. रात्रभर विटा फुटत होत्या. एकेक. दर वेळी तो मान वर करून बघायचा, जणू बघून काही होणार होतं.

बायको तपासणी खोलीतून डबा घेऊन आली आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसली. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य तिच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

“आत्ताच घरी चला असं नाही,” ती म्हणाली. “बसू आपण.”

“बाबांनी पेटवली होती,” भाऊ म्हणाला. “मी मारली.”

*

सकाळी आईने तिघांना बोलावून घेतलं, आणि या खेपेला दादाला पुढच्या खोलीत आणि छोटीला स्वयंपाकघरात असं बसू दिलं नाही. दोघांना एकाच खोलीत समोरासमोर बसवलं. दोघांनी खुर्च्या जरा तिरक्या करून घेतल्या, म्हणजे नजर भिंतीवर राहील. भाऊ दारातच टेकून उभा राहिला. त्याच्या कपड्यांना जळकट वास येत होता. त्याची बायको त्याच्या मागे.

आईने डोळ्यांना पदर लावला नाही. उभी राहिली आणि सरळ म्हणाली, “तुमच्या दोघांचं काही चुकलं नाही. मी निरोप बदलले.”

दोघांच्या नजरा भिंतीवरच होत्या.

“दादा, तू म्हणाला होतास कानावर घालीन, मी तिला सांगितलं मान्य झालं. छोटी, तू म्हणाली होतीस अट आली तरच मतं, मी त्याला सांगितलं सोबत आहोत. मला वाटलं दोघं थोडे थोडे पुढे आलात की मधलं अंतर राहणार नाही. आजवर असंच होत आलंय. या वेळी झालं नाही. कारखाना माझ्यामुळे गेला.”

दादाने कपाळ चोळलं. त्याच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. पक्षाने त्याला दुपारी पुन्हा कॅमेऱ्यासमोर बोलावलं होतं. ‘विश्वासघाताचा दिवस’ असं त्या कार्यक्रमाचं नावही ठरलं होतं.

“आई,” तो म्हणाला, अगदी हळुवारपणे, “तिला वाचवायला तू हे स्वतःवर घेऊ नकोस.”

“अरे, मी खरं सांगतेय.”

“तू दोन शब्द इकडचे तिकडे केले असशील. पण ती काय लहान आहे? खात्री न करता सभागृहात उभी राहील? तिने मुद्दाम केलंय. तुला पुढे करून केलंय.”

“आई,” छोटी भिंतीकडे बघत म्हणाली, “त्याला सांग, आपल्या म्हाताऱ्या आईच्या पदराआड लपू नये. मंत्र्यांना सकाळीच सगळं माहीत होतं. आई बिचारी काय बदलणार? एवढा मोठा कारखाना काय आईच्या निरोपावर बुडतो?”

“बुडला ना पण,” आई म्हणाली. “तेच तर सांगतेय.”

“तू शांत हो. तुझी काही चूक नाही.”

“तुझी काही चूक नाही,” दादाही म्हणाला. गेल्या निवडणुकीनंतर दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं.

आई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, दोघं आपल्यावर ओरडतील. त्याची तिने तयारी केली होती. दोघांनी मिळून आपल्यावर राग काढला, तर निदान तेवढ्यापुरते तरी ते एका बाजूला होतील, असंही तिच्या मनात कुठेतरी होतं. पण आईची चूक घेऊन कुणी काय करणार? तिच्यावर सभा घेता येत नव्हती. तिच्याविरुद्ध मतं मागता येत नव्हती. तिला माफ करणं दोघांनाही सोयीचं होतं.

तिने दाराकडे पाहिलं. भाऊ तिच्याकडेच बघत होता.

“मलाही?” त्याने विचारलं. “पायरीवर जे सांगितलंस, तेही?”

आईला एका क्षणात तीन-चार उत्तरं सुचली. सगळी मऊ होती. तिने एकही दिलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “तुलाही.”

या खोलीत तिच्यावर विश्वास ठेवणारा हा एकटाच निघाला. भाऊने मान हलवली, वळला आणि चालायला लागला. बायको क्षणभर घुटमळली, मग त्याच्या मागे गेली.

*

पुढचे कितीतरी दिवस टीव्हीवर दादा आणि छोटी दिसत राहिले. चौकशी समिती नेमा, असं दोघंही म्हणत होते, आणि समितीत कुणाची किती माणसं असावीत यावर चर्चा अडली होती. वस्तीत घरं रिकामी होऊ लागली. माणसं गाड्यांवर पलंग बांधून निघून जात, आणि जाताना भट्टीकडे बघत नसत. आईचं घरही कारखान्याचंच. तिने भांडी खोक्यात भरायला घेतली. आता भांडी थरथरत नव्हती, आणि त्या शांततेची तिला सवय होत नव्हती.

भाऊ आला नाही. आपल्या घराची ही अबोल्याची देणगी त्याच्या वाट्याला आली नाही असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

एक दिवस दुपारी त्याची बायको आली. तिने न विचारता खोकं जवळ ओढलं आणि पेले जुन्या कपड्यांत गुंडाळायला लागली.

“कसा आहे?” आईने विचारलं.

“बरे आहेत. काम शोधतायत.”

“जेवतो ना?”

“हो.” तिने एक पेला उजेडात धरला, सवयीने, आणि खाली ठेवला. मग मान वर न करता म्हणाली, “निरोप दिलाय त्यांनी. म्हणाले, आईला सांग, माझा राग नाही. म्हणाले, सवड झाली की येऊन जाईन.”

आईचे हात थांबले.

सुनेने आजवर या घरात एकही गोड शब्द उगाच वापरला नव्हता. त्यासाठी आई तिला मनातून थोडी घाबरायची, आणि म्हणूनच तिच्यावर तिचा भरवसाही होता. आता ती कपड्याची घडी घालत होती, मोडून पुन्हा घालत होती.

“अगं,” आई म्हणाली, “माझ्याकडे बघ. खरं काय म्हणाला?”

सून बघेना. खोक्यातले पेले तिने उगाच इकडचे तिकडे केले. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला तिने हात वर केला नाही.

“काही नाही म्हणाले, आई,” ती म्हणाली. “तुमचं नाव काढलं की उठून जातात.”

आईने मान हलवली. मग तिने सुनेच्या हातातला पेला काढून घेतला, स्वतः गुंडाळला आणि खोक्यात ठेवला.